स्तंभ यंदाचा, लेबल गेल्या वर्षीचं : ठाण्यातल्या एका सोसायटीच्या अहवालाचं प्रकरण

घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या पुढे असलेल्या एका सोसायटीच्या वार्षिक अहवालाचा मसुदा कमिटीत वाटला गेला आणि त्यात एकाच खर्चाचे दोन आकडे निघाले. उत्पन्न-खर्च पत्रकात पाण्याचा खर्च १८,६५,००० रुपये. पान उलटलं की चार्ट, आणि त्यात पाण्याच्या स्तंभावर ‘१४.२० लाख’. मधले ४,४५,००० रुपये कुठे गेले, असा प्रश्न एका सभासदाने कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारला. पाण्याच्या खर्चात टँकरचा वाटा मोठा, टँकरवाला गेली काही वर्षं तोच. त्यामुळे प्रश्नाचा रोख कुणाकडे आहे हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

(सोसायटीची ओळख पटू नये म्हणून इथले आकडे बदलले आहेत. आकड्यांचे एकमेकांशी असलेले हिशेब मात्र तसेच जुळतात.)

खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. व्हाउचर, बिलं, पासबुक, सगळं तारीखवार लावलेलं. मी सोसायट्यांचे हिशेब आणि अहवाल लिहायचं काम करते, म्हणून त्यांनी मला बोलावलं. “ताई, हिशेब चोख आहे, एकेक बिल काढून दाखवतो. पण हा चार्ट असं का म्हणतोय तेवढं मला सांगा,” ते म्हणाले. घाई होती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि उपविधींप्रमाणे तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. नोटीसबरोबर अहवाल छापून जायचा होता.

चार्टमध्ये काय दिसत होतं

चार्ट साधा होता. सुरक्षा, सफाई, सामाईक वीज, पाणी, लिफ्टची देखभाल, दुरुस्ती अशी खर्चाची खाती, आणि प्रत्येक खात्याला शेजारी शेजारी दोन स्तंभ, मागचं वर्ष आणि चालू वर्ष. शंका कुठून आली हे पाहायला मी दोन शेजारची खाती घेतली, वीज आणि पाणी. चालू वर्षाचा पाण्याचा स्तंभ विजेच्या स्तंभापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश उंच. पण त्यांच्यावरची लेबलं १३.४८ आणि १४.२०. एवढ्याशा फरकाला एवढी उंची कशी? पुढे सुरक्षेच्या स्तंभावर १९.८२ लिहिलेलं, आणि स्तंभाचं टोक मात्र २० लाखांच्या रेषेच्या वर गेलेलं. म्हणजे फक्त पाण्याचा आकडा चुकलेला नव्हता. सगळीच लेबलं चुकलेली होती, पाण्याचं तेवढं डोळ्यात भरलं.

मग गेल्या वर्षीचा छापील अहवाल मागवला. त्यात चालू वर्षाच्या स्तंभांवर हीच लेबलं, याच क्रमाने: १९.८२, १३.४८, १४.२०. फाइलचा प्रवास तिथेच उघड झाला. आधीच्या खजिनदारांनी बनवलेली फाइल नव्या नावाने सेव्ह केली गेली, तक्त्यात मागच्या वर्षाच्या जागी चालू आणि चालूच्या जागी नवं असे आकडे भरले गेले. स्तंभ आपोआप नव्या उंचीचे झाले. लेबलं जागची हलली नाहीत, कारण ती हाताने टाइप केलेली होती.

एक्सेलमध्ये हे फार सहज घडतं, म्हणून थोडं थांबून सांगते. लेबलावर एकदा क्लिक केलं की त्या मालिकेतली, म्हणजे त्याच वर्षाच्या सगळ्या स्तंभांवरची, सगळी लेबलं निवडली जातात. पुन्हा क्लिक केलं की तेवढं एक निवडलं जातं. त्यानंतर आत कर्सर ठेवून मजकूर लिहिता येतो, आणि लिहिला की त्या लेबलाचं सेलशी, म्हणजे तक्त्यातल्या आकड्याच्या घराशी, असलेलं नातं तुटतं. पुढे सेलमध्ये काहीही भरा, लेबल तेच दाखवत राहतं. कुठे इशारा येत नाही, लेबलाचा रंग बदलत नाही, फाइल उघडताना काही विचारलं जात नाही. सूत्राचा सेल कुणी आकडा टाइप करून पुसला तर निदान फॉर्म्युला बारमध्ये ते दिसतं. लेबलाच्या बाबतीत तेवढीही सोय नाही. कागदावर छापल्यावर तर टाइप केलेलं लेबल आणि सेलमधून आलेलं लेबल यांत तिळमात्र फरक दिसत नाही. पैशांच्या अहवालात ही गोष्ट मला अत्यंत धोक्याची वाटते. इथे एका प्रामाणिक माणसाच्या हिशेबावर तिच्यामुळे संशय आला.

तपासायची रीत सोपी आहे. तक्त्यातल्या एका सेलमध्ये मुद्दाम भलताच आकडा टाकायचा आणि लेबल हलतं का ते पाहायचं, मग कंट्रोल-झेड करून मूळ आकडा परत आणायचा. काकांसमोर पाण्याच्या सेलमध्ये ५०,००,००० टाकले. स्तंभ चार्टच्या माथ्यापर्यंत गेला, त्यावर ‘१४.२० लाख’ तसंच. काका काही क्षण बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे हे गेल्या सालचंच चिकटून बसलंय.” त्यांनी लगेच त्या सभासदाला फोन लावून वर बोलावलं आणि तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितलं. ग्रुपवर स्पष्टीकरण लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं झालं.

टाइप करावंसं का वाटलं

आधीच्या खजिनदारांना दोष देऊन मी मोकळी होणार नव्हते. त्यांना हवं होतं ते रास्तच होतं. अहवाल मराठी, तेव्हा अंक देवनागरी हवेत. सभेला येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे, त्यांना लाखांत आकडा हवा. एक्सेल दाखवत होतं 1420350. दोन्ही गोष्टी एकदम मिळवायचा त्यांना माहीत असलेला एकच मार्ग होता, टाइप करणे. नुसतं ‘रीसेट लेबल टेक्स्ट’ बटण दाबून मी निघाले असते, तर 1865000 असा सलग आकडा पाहून पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा टाइप करायला बसलं असतं. लाख आणि देवनागरी, दोन्ही सेलमधूनच यायला हवे होते.

आधी लाख. एक्सेलच्या नंबर फॉरमॅटमध्ये शेवटी स्वल्पविराम दिला की दाखवताना आकडा हजाराने भागला जातो, दोन दिले की दहा लाखांनी. लाखाने भागायची सोय नाही, ही सगळी रचना पाश्चात्त्य मोजणीवर बेतलेली. पण वाट निघते:

0\.00,

हजाराने भागल्यावर १८,६५,००० चे होतात १८६५. उलटी तिरकी रेघ आणि टिंब यांचा अर्थ, इथे टिंब नुसतं छापायचं, त्याला दशांश चिन्ह समजायचं नाही. शेवटच्या दोन अंकांच्या आधी टिंब छापलं गेलं की दिसतं 18.65, म्हणजे बरोबर लाखांतली रक्कम. सेलमधला आकडा पूर्ण १८,६५,०००च राहतो, बेरजांना धक्का लागत नाही. एक लाखाच्या आतली रक्कमही नीट दिसते, ८५,४०० चे 0.85.

आता देवनागरी. फॉरमॅटच्या सुरुवातीला चौकटी कंसात अंकांची लिपी सांगता येते:

[$-4000439]0\.00,;[$-4000439]-0\.00,;;

यातला पहिला ४ म्हणजे देवनागरी अंक, आणि शेवटचा ०४३९ हा हिंदीचा भाषा-क्रमांक. अंक तेच असल्यामुळे मराठी अहवालाला हा चालतो. अर्धविरामांनी चार भाग पडतात: धन, ऋण, शून्य आणि मजकूर. शून्याचा भाग रिकामा ठेवल्याने शून्याची लेबलं छापली जात नाहीत. महिनावार टँकरच्या चार्टमध्ये पावसाळ्याचे महिने शून्याचे होते आणि तळाच्या रेषेवर ‘०.००’ची रांग लागली होती, ती गेली. ऋण भाग मात्र मी मुद्दाम ठेवला. महापालिकेच्या बिलात कधी मागची वजावट येते, आणि उणे रक्कम लेबलावरून गायब होणं सोसायटीच्या हिशेबात चालणार नाही.

‘लाख’ हा शब्द प्रत्येक लेबलात घालायला काका सांगत होते. मी नको म्हटलं. बारा स्तंभांवर बारा वेळा ‘लाख’ आला की अंकांना जागा उरत नाही. चार्टच्या शीर्षकातच ‘रुपये लाखांत’ लिहिलं आणि लेबलं नुसती अंकांची ठेवली. एका चार्टमध्ये काही लेबलं लाखांत आणि काही रुपयांत असं तर मुळीच करू नये. अट घालून तसं करता येतं, पण वाचणारा गोंधळतो.

ऑडिटरकडून परत आल्यावर

लेबलं दुरुस्त करून फाइल ऑडिटरच्या ऑफिसात गेली. तिथे कुणीतरी तक्त्यातले सगळे आकडे दोन दशांशांत आणले. फाइल परत आली तेव्हा महिनावार चार्टवर ‘1,02,500.00’ अशी लांबलचक लेबलं एकमेकांवर चढलेली. मुख्य चार्ट शाबूत होता. कारण एका चौकोनात होतं. लेबलं निवडून कंट्रोल आणि १ दाबलं की उजवीकडे ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’ उघडतं. त्यात खाली ‘नंबर’मध्ये ‘लिंक्ड टू सोर्स’ नावाची खूण असते. ती असेल तर लेबल सेलचा फॉरमॅट उचलतं, नसेल तर स्वतःचा ठेवतं. मुख्य चार्टला मी स्वतंत्र फॉरमॅट दिल्यावर ती खूण निघाली होती. महिनावार चार्टमध्ये फॉरमॅट तक्त्यातून येऊ दिला होता, तो पुन्हा लेबलावर द्यावा लागला. दोन गोष्टींत गल्लत होऊ नये: आकडा सेलमधून आलाच पाहिजे, तो कसा दिसावा हे मात्र लेबलाने ठरवावं.

सेक्रेटरी मॅडमच्या लॅपटॉपवर आणखी एक गंमत न वाटणारी गोष्ट दिसली. काकांकडे तक्त्यात 18,65,000 दिसे, त्यांच्याकडे त्याच फाइलमध्ये 1,865,000. फाइलमध्ये दोष नव्हता. साध्या फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम कुठे पडायचे ते विंडोजच्या रीजन सेटिंगवर ठरतं, आणि त्यांच्या लॅपटॉपवर ते अमेरिकेचं होतं. सेटिंग बदललं की काम झालं. ज्यांना प्रत्येक मशीन बदलता येत नाही त्यांच्यासाठी हा फॉरमॅट आहे:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

एका फॉरमॅटमध्ये दोनच अटी बसतात, म्हणून उणे रकमा तिसऱ्या भागात पडतात आणि त्यांचे स्वल्पविराम पुन्हा मशीनप्रमाणे पडतात. तुटीचे आकडे असलेल्या तक्त्याला हा लावताना लक्षात ठेवावं.

पाण्याचा वेगळा चार्ट

एवढ्यावर अहवाल छापायला देता आला असता. पण १४.२० वरून १८.६५ हा आता खरा आकडा होता आणि सभेत त्यावर प्रश्न येणारच होता. म्हणून पाण्याचा स्वतंत्र चार्ट केला. दोन वर्षांचे दोन स्तंभ, प्रत्येकात खाली महापालिकेचं बिल, वर टँकर.

इथे एक अडचण हमखास येते. एकावर एक रचलेल्या स्तंभांना, म्हणजे स्टॅक्ड चार्टला, लेबल स्तंभाच्या बाहेर वरच्या टोकाला ठेवायचा पर्याय नसतो, फक्त आत. मग एकूण बेरीज कुठे दाखवायची? लोक मजकुराची चौकट काढून वर ठेवतात आणि पुन्हा तोच टाइप केलेला आकडा. त्याऐवजी तक्त्यात एकूण बेरजेची ओळ घ्यायची, ती चार्टमध्ये तिसरी मालिका म्हणून घालायची, त्या मालिकेचा प्रकार बदलून लाइन करायचा, तिचं लेबल ‘अबव्ह’ ठेवायचं आणि रेषा ‘नो लाइन’ करून लपवायची. सूचीतून ‘एकूण’ हे नाव निवडून काढून टाकायचं. बेरीज स्तंभाच्या डोक्यावर बसते आणि सेल बदलला की बदलते.

बसवल्यावर मागच्या वर्षाच्या स्तंभात दिसलं: महापालिका ६.१४, टँकर ८.०७, एकूण १४.२०. तोंडी बेरीज केली तर १४.२१ होते. मूळ रकमा ६,१३,५०० आणि ८,०६,८५०, बेरीज १४,२०,३५०. दोन्ही भाग वरच्या अंकाकडे गेले, बेरीज खालच्या. गणित बरोबर आहे, पण ज्या सोसायटीत नुकताच आकड्यांवरून वाद झाला तिथे हे हजार रुपयेसुद्धा कुणीतरी बोट ठेवून विचारणार. चार्टखाली एक ओळ घातली: ‘आकडे लाखांत पूर्णांकित केल्याने बेरजेत ०.०१ चा फरक दिसू शकतो. पूर्ण रकमा पान ४ वर.’ बेरीज जुळावी म्हणून एखादं लेबल हाताने ६.१३ करणं, हा मोह काहींना होतो. तो अजिबात होऊ देऊ नये.

मग टँकरच्या भागाचं लेबल. तिथे नुसती रक्कम लिहून सभासदांचा प्रश्न सुटत नव्हता. प्रश्न असा असतो: टँकर जास्त आले, की दर वाढला? ‘लेबल ऑप्शन्स’मध्ये ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ आहे, एक्सेल २०१३ पासून. लेबलाचा मजकूर वेगळ्या सेलमधून घेता येतो. मी तक्त्याशेजारी एक कॉलम केला आणि टेक्स्ट फंक्शनने, तोच देवनागरी अंकांचा कंसातला कोड वापरून, टँकरची संख्या आणि सरासरी दर जोडले. मागच्या वर्षाच्या भागात आलं ‘८.०७’ आणि खाली ‘४८९ टँकर × १,६५०’. चालू वर्षाच्या भागात ‘१२.२६’, खाली ‘६५४ टँकर × १,८७५’. दोन ओळी व्हाव्यात म्हणून सेपरेटर ‘न्यू लाइन’ ठेवला.

त्या दोन ओळींनी सगळी चर्चाच बदलली. टँकरचा खर्च वाढला ४,१९,४०० रुपयांनी. त्यातले २,७२,२५० जास्तीच्या १६५ टँकरांचे, जुन्या दराने. उरलेले १,४७,१५० दर २२५ रुपयांनी वाढल्याचे. म्हणजे वाढीचा मोठा भाग टँकरवाल्याच्या दरातून आलेला नव्हता, नळाला पाणी कमी आलं म्हणून टँकर जास्त मागवले गेले त्यातून आला होता. घोडबंदर पट्ट्यात राहणाऱ्याला यात नवल नाही, पण आजवर अहवालात ते कुठे दिसत नव्हतं.

या सोयीची एक बाजू सांभाळावी लागते. लेबलांची रेंज ठरावीक सेलांची असते. पुढच्या वर्षी स्तंभ वाढला आणि रेंज वाढवली नाही, तर नव्या स्तंभाला मजकूर मिळत नाही. आणि एक्सेल २०१० किंवा त्याआधीच्या आवृत्तीत अशी फाइल उघडली तर लेबलाच्या जागी चौकटी कंसात इंग्रजीत ‘सेलरेंज’ एवढंच दिसतं. ऑडिटरच्या एका जुन्या मशीनवर तेच दिसलं. त्यामुळे बाहेर जाणारी प्रत पीडीएफ करून पाठवायची असं ठरलं.

छपाईचं थोडक्यात. अहवालाच्या प्रती झेरॉक्सवर निघणार होत्या, काळ्या-पांढऱ्या. निळ्या आणि नारिंगी रंगावरची पांढरी लेबलं झेरॉक्समध्ये करड्यावर पांढरी झाली आणि वाचता येईनात. वेबच्या सुगम्यता निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट सांगितला आहे, कागदालाही तीच अपेक्षा ठेवायला हरकत नाही. स्तंभ फिकट केले, लेबलं काळी, ११ पॉइंट, आणि आधी एक प्रत झेरॉक्स काढून पाहिली.

सिंकिंग फंडाच्या, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या निधीच्या, चार्टमध्ये रक्कम कोटीत जात होती. दोन स्वल्पविरामांची युक्ती कोटीला एकच दशांश देते, 0\.0,, आणि १.२ कोटी म्हटलं की काही लाख त्याच्या पोटात जातात. सभासदांच्या ठेवींबद्दल असं मोघम बोलायचं नाही, म्हणून तिथे शेजारच्या कॉलममध्ये रक्कम एक कोटीने भागून घेतली आणि चार्ट त्या कॉलमवर केला, तीन दशांशांसह.

सभा वेळेत झाली. पाण्याच्या चार्टवर पाऊण तास बोलणं झालं. टँकरचा दर १,८७५ झाला तेव्हा दुसऱ्या कुणाची कोटेशन्स मागवली होती का, हा प्रश्न सभेत आला, आणि तो योग्यच होता. मागवली नव्हती. पुढच्या उन्हाळ्याच्या आत किमान तीन कोटेशन्स घ्यायची आणि टँकरच्या पाण्यासाठी टाकीच्या तोंडाशी मीटर बसवायचा, असे दोन ठराव झाले. ज्यांनी ग्रुपवर पहिला प्रश्न विचारला होता, त्या सभासदांचं नाव काकांनी स्वतः कोटेशन्स पाहणाऱ्या उपसमितीसाठी सुचवलं. मीटरचं रीडिंग आता दर महिन्याला तक्त्यात भरलं जातं, आणि त्या कॉलमच्या लेबलांची रेंज वर्षअखेरपर्यंतच्या बारा सेलांची आताच लावून ठेवली आहे.